ब्रह्मावरचे वेगळे ख्रिस्ती

आमचे आजोबांच्या वेळचे हुबळीतले घर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात आले. घराची वीटही हलली नव्हती. आजोबा गमतीने म्हणत, "आम्ही कुठे गेलो? हद्दच आमच्यावरून गेली." पुढे त्यांना, आणि आम्हांलाही, कन्नड घरच्यासारखी झाली, परंतु हे वाक्य माझ्या मनात राहिले.

त्याची पुन्हा आठवण झाली ती दक्षिण कानडा भागातील ब्रह्मावर येथे. हुबळीहून रात्रीच्या बसने निघालो, की कुंदापूर मागे पडल्यावर आणि उडुपी येण्याआधी हे गाव लागते. तेथे कोंकणी बोलणारा एक ख्रिस्ती समाज आहे. नावे नोरोन्हा, डिसोझा अशी. म्हणजे पाहणारा त्यांना कॅथॉलिकच समजेल. पण त्यांचे चर्च रोमच्या पोपना मानत नाही. ते केरळातील कोट्टयम येथे मुख्य पीठ असलेल्या मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे आहे. हे कसे घडले, असे मी एका वृद्ध गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "आमी खंय वचूंक ना." आम्ही कुठे गेलोच नाही! या उत्तरामागचा इतिहास आपल्या वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पोर्तुगीज आशियात आले त्या काळात पोपनी त्यांच्या राजाला एक मोठा हक्क दिला होता. धर्मप्रसाराचा खर्च राजाने करावा आणि बिशप नेमण्यातही त्याचा शब्द चालावा, असा तो हक्क. त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. पुढे पोर्तुगालची सत्ता ओसरली, पण हक्क कागदावर राहिला. इकडे रोमने १६२२ मध्ये 'प्रोपगंडा फिदे' हे स्वतःचे धर्मप्रसार खाते काढले. त्यामुळे एकाच मुलखात दोन कारभार सुरू झाले आणि गावोगाव 'गोव्याचे' व 'रोमचे' असे तट पडले. अखेर २३ जून १८८६ रोजी पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन वाटणी झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात आणि सिलोनमध्ये गोव्याच्या आर्चबिशपांकडे असलेली अनेक चर्चे इतर बिशपांकडे गेली. तेथल्या लोकांना कोणी विचारले नव्हते. पिढ्यान् पिढ्या गोव्याकडून पाद्री येत. आता परक्या मिशनऱ्यांच्या हाताखाली जावे लागणार, याचे त्यांना दुःख झाले.

या असंतोषाला पुढारी मिळाला तो गोव्यातील वेर्णे गावचा. फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांचा जन्म १८३६ चा. ते पाद्री तर होतेच, शिवाय निर्भीड पत्रकारही होते. सरकार आणि धर्माधिकारी या दोघांवरही त्यांनी टीका केली. कोलंबोत डॉ. लिस्बोआ पिंटो यांनी हीच चळवळ उचलली. १८९३ मध्ये सिलोनमधील छापखाना कामगारांची पहिली संघटना उभी राहिली, तिचे अध्यक्षही हेच डॉक्टर. ब्रह्मावरात धुरा घेतली ती फादर रोक झेफ्रिन नोरोन्हा यांनी.

येथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. कॅथॉलिक परंपरेत नुसते वेगळे होऊन भागत नाही. पाद्री घडवावयाचा तर बिशप हवा; आणि बिशप घडवावयाचा तर आधीच्या बिशपाने त्याच्या मस्तकावर हात ठेवावयास हवा. ही साखळी थेट येशूच्या शिष्यांपर्यंत पोहोचते, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे मठाच्या गादीला जसे गुरुपरंपरेचे महत्त्व, तसेच हे. म्हणून फुटून निघणाऱ्या प्रत्येक गटापुढे पहिला प्रश्न असतो, तो बिशप कोठून आणावयाचा हा.

फादर आल्वारिसना उत्तर केरळात सापडले. तेथील सुरियानी ख्रिस्ती रोमच्या अधिकाराबाहेर होते आणि त्यांची परंपरा प्राचीन होती. अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कच्या संमतीने जुलै १८८९ मध्ये कोट्टयम येथे त्यांना 'मार ज्युलियस' या नावाने बिशपपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणाऱ्यांत परुमलचे मार ग्रिगोरियस होते. मलंकर चर्चने त्यांना पुढे १९४७ मध्ये संत म्हणून घोषित केले. लोकांची जुनी लॅटिन उपासनापद्धत मात्र तशीच ठेवण्याची मुभा होती. म्हणजे अधिकार पूर्वेचा आणि प्रार्थना पश्चिमेची!

२९ मे १८९२ रोजी याच मार ज्युलियसनी कोलंबोत जोसेफ रेने व्हिलात या अमेरिकेहून आलेल्या फ्रेंच पाद्र्याला बिशप केले. व्हिलात पुढे स्वतः रोमकडे परतला, पण मधल्या काळात त्याने अनेकांना दीक्षा दिली. युरोप-अमेरिकेतील कित्येक स्वतंत्र कॅथॉलिक गट आजही आपली परंपरा त्याच्यामार्फत या गोमंतकीयाशी जोडतात.

स्वदेशी मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. रोमच्या चर्चने त्यांना बहिष्कृत केले. ज्या पोर्तुगालच्या हक्कासाठी ते भांडले, त्याच पोर्तुगालच्या सरकारने १८९५ मध्ये त्यांना गोव्यात अटक केली आणि अंगावरची बिशपची वस्त्रे उतरविली. तरी ते खचले नाहीत. कॉलऱ्याच्या उपचारांवर त्यांनी पुस्तिका काढली, रायबंदरला राहून गोरगरिबांची सेवा केली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले. ब्रह्मावरात फादर नोरोन्हांनी १९३६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, आपला समाज सांभाळला.

असाच प्रकार पुढे युरोपातही घडला, कारण मात्र निराळे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषांत उपासना होऊ लागली. ते न रुचून आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये सेंट पायस दहावे यांच्या नावाने पाद्र्यांचा संघ काढला. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न आला. ३० जून १९८८ रोजी त्यांनी पोपच्या आज्ञेविना चार बिशपांना दीक्षा दिली, आणि ते बहिष्कृत ठरले. त्या चौघांवरील बहिष्कार २००९ मध्ये उठला, तरी पूर्ण समेट तेव्हाही झाला नाही. त्यांचेही म्हणणे ब्रह्मावरच्या त्या गृहस्थांसारखेच: आम्ही जागेवर आहोत, बदललात ते तुम्ही.

हे म्हणणे खोटे नाही, पण पुरेसेही नाही, असे मला वाटते. ज्या पाद्रोआदोसाठी ब्रह्मावरकर वेगळे झाले, तो पोर्तुगालचा हक्क स्वतंत्र भारताच्या भूमीवर १९५० च्या कराराने संपला. त्यांनी जपलेल्या लॅटिन पद्धतीच्या सोबतीला कालांतराने सुरियानी उपासना आली. मूळ कारण गेले, जुने रूपही पुष्कळ पालटले. समाज मात्र राहिला. कशावर? मला वाटते, आपल्याला न विचारता आपला कारभारी बदलला, याला 'नाही' म्हणणाऱ्या पूर्वजांच्या आठवणीवर.

विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावयाचे आहे: इतिहासात 'फुटीर' हा शब्द वाचला, की हद्द कोणी हलविली आणि जागेवर कोण होते, हे दोन्ही विचारावे. निर्णय त्यानंतर द्यावा.