६४ प्रोसेसर आणि एक काटा

संपादकांना 'परम' महासंगणकाची कहाणी हवी होती. ती बहुतेकांना ठाऊक आहे. हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिका तयार होईना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख विजय भटकर यांनी तीन वर्षांची मुदत मागितली, आणि १९९१ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'परम ८०००' तयार झाला. मला मात्र त्यातल्या ट्रान्सप्युटरनं धरून ठेवलं.

हा ट्रान्सप्युटर म्हणजे टी-८००, ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची चिप. त्या एका चिपमध्येच आकडेमोडीचा भाग, चार किलोबाइट मेमरी आणि बाहेर जाणाऱ्या चार लिंक. चार लिंक म्हणजे चार शेजारी. लांबच्याशी बोलायचं तर निरोप शेजाऱ्यामार्फतच जाणार. बोलण्याची रीतही कडक. पाठवणारा आणि घेणारा, दोघं तयार झाल्याशिवाय आकडा हलत नाही. जो आधी पोचेल त्यानं थांबायचं. दोघंही आधी पाठवायला उभे राहिले, तर घेणार कोण? दोघंही अडकतात. चूक दाखवणारी ओळ येत नाही, यंत्र नुसतं गप्प होतं. इतक्या साध्या शिस्तीवर असे ६४ प्रोसेसर एका कामाला जुंपले गेले, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण खरी अडचण पुढे होती. बीडच्या ऊसतोड टोळीला ती समजवायला नको: फडात कोयते कितीही वाढवा, कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी एकेकच चढते. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. प्रोग्रामचा दहावा हिस्सा जरी एकेरी राहिला, तरी ६४ प्रोसेसर मिळून वेग पावणेनऊ पटीच्या आसपासच अडतो. 'परम'च्या काळचे फोरट्रान प्रोग्राम तर बहुतेक एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले.

हवामानाच्या अंदाजाचं काम आणखी अवघड. हवामान लहरींच्या बेरजेत मांडणाऱ्या स्पेक्ट्रल मॉडेलमध्ये पृथ्वीचे तुकडे वाटून दिले, तरी दर टप्प्याला सगळ्यांना सगळ्यांचे आकडे लागतात. बीडमधल्याच आष्टी-पाटोद्याच्या पर्जन्यछायेत पेरणीसाठी ज्या अंदाजाकडे डोळे लागतात, तो असल्याच आकडेमोडीतून निघतो. ती फोडून प्रोसेसरांना वाटून देणाऱ्या माणसांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं, ही मला यंत्राच्या कौतुकातली मोठी उणीव वाटते.

तेवढ्यात इनमॉसचा पुढचा ट्रान्सप्युटर, टी-९०००, रखडला. म्हणून पुढच्या 'परम ९०००'साठी सुपरस्पार्क प्रोसेसर आले, आणि चार लिंकांचा हिशेब धरून बसवलेले प्रोग्राम पुन्हा उसवणं आलं.