पिथियाच्या पायाखालची भेग

लाल वस्त्रातली एक स्त्री उंच तिपाईवर बसली आहे. डोळे मिटलेले, मान झुकलेली, एका हातात लॉरेलची डहाळी, दुसऱ्या हातात पसरट वाटी. खाली खडकाला भेग आणि भेगेतून वर येणारी वाफ. जॉन कॉलियर या इंग्रज चित्रकाराने १८९१ मध्ये रंगवलेली ही डेल्फीची पुजारीण, म्हणजे पिथिया. मूळ चित्र ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या कलादालनात आहे, पण कॅनव्हासवर छापलेल्या प्रती आता घरपोच मिळतात. पनवेलजवळ पळस्पे फाट्यालगतच्या एखाद्या नव्या फ्लॅटच्या भिंतीवर ती टांगली, तर ती तिथे परकी ठरणार नाही. चित्रातल्या भेगेचा आणि वाफेचा शोध घेताना शास्त्रज्ञ ज्या प्रश्नांपाशी पोचले, त्यांतले दोन पळस्प्याच्या अगदी दारातले आहेत.

डेल्फीच्या अपोलो मंदिरात राजे लढाईपूर्वी आणि सामान्य माणसं लग्नकार्यापूर्वी प्रश्न विचारायला येत. त्याच मंदिरात पुजारी असलेल्या प्लुटार्कने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात लिहून ठेवलं आहे, की आतल्या दालनात अधूनमधून गोडसर सुगंध दरवळे आणि जमिनीतून येणाऱ्या श्वासासारख्या वायूने पिथियेला प्रेरणा मिळे. कॉलियरचं चित्र पुरं झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी तिथे उत्खनन सुरू केलं. चित्रातल्यासारखी मोठी भेग काही सापडली नाही. १९०४ मध्ये ओपे या इंग्रज अभ्यासकाने वाफेची गोष्ट ही निव्वळ दंतकथा असल्याचं मांडलं आणि जवळजवळ शतकभर विद्वानांनी तेच मान्य केलं.

हा निकाल फिरवला येले डी बोअर या भूशास्त्रज्ञाने. १९८० च्या सुमारास ग्रीसमधल्या भूकंपप्रवण भागांची पाहणी करताना डेल्फीच्या डोंगरात त्याला एक भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, स्पष्ट दिसली. ती थेट मंदिराच्या दिशेने जात होती. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हेल, भूरसायनतज्ज्ञ जेफ्री चँटन आणि विषतज्ज्ञ हेन्री स्पिलर त्याला येऊन मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मंदिराखाली दोन भ्रंश एकमेकांना छेदतात, तिथल्या चुनखडकात डांबरासारखे तेलकट पदार्थ आहेत आणि जवळच्या केर्ना झऱ्याच्या पाण्यात मिथेन, इथेन व इथिलीन या वायूंचा अंश आहे. इथिलीनला गोडसर वास असतो. प्लुटार्कचा सुगंध सापडला, असंच सगळ्यांना वाटलं.

इथिलीन म्हटलं की कोकणातल्या माणसाला आंबा आठवायला हवा. देवगड-रत्नागिरीचा हापूस मुंबई-गोवा महामार्गाने पळस्पे फाट्यावर येतो आणि तिथून वाशीच्या बाजार समितीकडे वळतो. पेट्यांमधल्या पिकू लागलेल्या फळांतून हाच वायू आपोआप सुटत असतो. कार्बाइडवर बंदी असल्याने रायपनिंग चेंबरमध्येही हाच वायू सोडतात. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे त्याचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग. १९२३ पासून काही दशकं हाच वायू शस्त्रक्रियेत भूल म्हणूनही वापरला गेला. तो स्फोटक असल्याने पुढे मागे पडला.

अडचण इथेच आहे. माणसाला धुंदी यायला हवेत साधारण २० टक्के इथिलीन लागतं, म्हणजे आंबे पिकवण्याच्या मर्यादेच्या दोन हजार पट. आणि २.७ टक्क्यांच्या पुढे तो ठिणगीने पेट घेतो. डेल्फीच्या मंदिरात तर अखंड अग्नी तेवत असे! धुंदी येण्याइतका वायू साठला असता, तर भविष्य सांगायला पिथिया उरलीच नसती. केर्नाच्या पाण्यात सापडलेला अंशही अत्यल्प होता. २००६ मध्ये जुझेप्पे एतिओपे या इटालियन भूशास्त्रज्ञाच्या गटाने वेगळी शक्यता मांडली: मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडमुळे बंदिस्त दालनातला प्राणवायू कमी होत असावा. मला स्वतःला हे स्पष्टीकरण इथिलीनपेक्षा जास्त पटतं, कारण त्यासाठी एखाद्या दुर्मीळ वायूचा मोठा साठा गृहीत धरावा लागत नाही.

पिथियेचं आणखी एक चित्र आहे, कॉलियरच्या सव्वादोन हजारांहून अधिक वर्षं आधीचं. बर्लिनच्या संग्रहालयातल्या, इसवी सनपूर्व ४४०-४३० च्या सुमाराच्या मद्यपात्रावर पिथियेच्या रूपातली थेमिस देवी तिपाईवर बसून भविष्य सांगते आहे आणि समोर राजा एजियस उभा आहे. हातात तशीच डहाळी, तशीच वाटी. पण भेग नाही, वाफ नाही. ती शांतपणे वाटीत पाहते आहे. डेल्फीचं वैभव डोळ्यांनी पाहणाऱ्या काळातल्या चित्रकाराला वाफ दाखवावीशी वाटली नाही, हा पुरावाही रसायनशास्त्राच्या अहवालाइतकाच तोलायला हवा.

आता पळस्प्याच्या पायाखाली पाहू. सह्याद्रीत आडवे दिसणारे बेसॉल्टचे थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे कलतात. भूशास्त्रज्ञ या रचनेला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. कोकणपट्टीच्या भेगांतून पावसाचं पाणी खोल जातं, तापतं आणि वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, राजापूर ही उन्हाळी त्यातूनच झाली, आणि त्यांच्याशेजारी देवळंही उभी राहिली. मात्र बेसॉल्ट हा लाव्ह्यापासून बनलेला खडक. डेल्फीच्या चुनखडकातला तेलकट अंश त्यात नाही.

तरीही कोकणात देवाला विचारायची रीत घट्ट आहे. गुरव मूर्तीला फुलांचे कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि कौल उजवा पडतो की डावा, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. डेल्फीत बकरीवर थंड पाणी शिंपडत. ती शहारली तरच देव बोलायला राजी आहे असं मानत. कोकणात देवळात अवसर येतो, म्हणजे कुणाच्या अंगात देव संचारतो, तेव्हा अंग थरथरतं, आवाज बदलतो. त्यासाठी जमिनीतून कुठलाही वायू यावा लागत नाही. ढोलाचा ठेका, उपास, जमलेल्यांची अपेक्षा आणि जोरजोरात घेतलेले श्वास पुरतात. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. पिथियाही उपास करून, झऱ्यात न्हाऊन, भाविक वाट पाहत असताना तिपाईवर चढत असे. डेल्फीच्या मातीतले वायू पुष्कळदा मोजून झाले. तिच्या श्वासाचा वेग मात्र त्या हिशेबात फारसा कुणी धरलेला नाही.