लशीचा कागद आणि हजची वाट

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मशिदीतल्या दुआ लांबतात. 2022 मध्ये त्या जरा जास्तच लांबल्या. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन रमजान घरात गेले. तरावीहची, म्हणजे रमजानमध्ये रोज रात्री होणारी खास नमाज घरोघरी बाहेरच्या खोलीत नाहीतर गच्चीवर चौघापाच जणांनी पढली. ईदला गळाभेट झाली नाही, शीरखुर्म्याचे डबे शेजारी गेले नाहीत. 2022 मध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि 3 एप्रिलला पहिला रोजा झाला. दोन वर्षांनी मशिदीच्या सफा, म्हणजे नमाजींच्या रांगा, खांद्याला खांदा लावून भरल्या.

दुआ लांबण्याला आणखी एक कारण होतं. 9 एप्रिल 2022 ला सौदी सरकारने जाहीर केलं, की त्या वर्षी देश-परदेशातले मिळून 10 लाख लोक हज करू शकतील. 2020 मध्ये सौदीतच राहणाऱ्या जेमतेम हजारभर लोकांना हज करता आला होता, 2021 मध्ये 60 हजारांना, तेही तिथलेच रहिवासी आणि लस घेतलेले. बाहेरच्या जगाला दोन वर्षं दार बंद होतं. 2020 साली भारतातून हजसाठी 2 लाख 13 हजारांहून अधिक अर्ज आले होते. त्या सगळ्यांचे पैसे परत झाले. पैसे परत मिळाले याचा कुणालाही आनंद झाला नसेल, असा हा एकच व्यवहार असावा.

2022 मध्ये दार उघडलं, पण अटींसह. सौदीच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या लशीचे डोस पूर्ण हवे होते, निघण्याआधी 72 तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी हवी होती आणि वय 65 पेक्षा कमी हवं होतं. भारताच्या वाट्याला त्या वर्षी 79 हजार 237 जागा आल्या. 2019 मध्ये 2 लाख होत्या. देशात हजची विमानं जिथून सुटत त्या 21 ठिकाणांपैकी 2022 मध्ये 10 उरली. नागपूर आणि औरंगाबाद त्यात नव्हती. त्यामुळे मराठवाडा-विदर्भातल्या यात्रेकरूंनाही मुंबई गाठावी लागणार होती.

पासष्टीची अट ऐकून अनेक घरांत इफ्तारच्या दस्तरखानावर शांतता पसरली. आपल्याकडे हज हे उतारवयातलं काम मानतात. मुलीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं, दुकान मुलाच्या हाती गेलं, की मग नियत करायची. अनेकांचं सारं आयुष्य थोडेथोडे पैसे बाजूला टाकण्यात जातं. म्हणूनच हज कमिटीच्या अर्जांत सत्तरीपुढच्यांचा वेगळा गट असे, त्यांना सोडतीशिवाय जागा मिळे. 2022 मध्ये तीच माणसं यादीबाहेर राहिली. आणि लशीच्या रांगेत सर्वांत आधी उभी होती तीही हीच माणसं. साठीपुढच्यांचं लसीकरण 1 मार्च 2021 ला सुरू झालं. भर उन्हात टोकन हातात घेऊन ही मंडळी बसली होती, ती कशासाठी? कोरोनाच्या भीतीने काही जण, आणि बरेच जण हजच्या आशेने.

पण लशीबद्दल समाजाचं मत सुरुवातीपासून असं नव्हतं. ते कसं बदलत गेलं, हे बघण्यासारखं आहे.

2021 चा रमजान 14 एप्रिलला सुरू झाला, तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. पहिला प्रश्न आला तो रोजाचा. सुई टोचली तर रोजा तुटतो का? सौदीच्या मुफ्तींपासून आपल्याकडच्या उलेमांपर्यंत बहुतेकांचं उत्तर एकच होतं: तुटत नाही. रोजा खाण्यापिण्याने तुटतो. लस दंडाच्या स्नायूत जाते, ती अन्न नाही, पाणी नाही. टोचल्यानंतर ताप भरला आणि सोसेना, तर आजारी माणसाला रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा शरियतने आधीच दिली आहे. तरीही अनेकांनी लस ईदनंतरवर ढकलली. ईद झाली तोवर लशीच टंचाईत सापडल्या होत्या. 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण राज्याला मे महिन्यात थांबवावं लागलं होतं.

दुसरा प्रश्न हलाल-हरामचा. लशीत डुकराची चरबी असल्याची बातमी मोबाइलवरून घरोघर पोहोचली. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने डिसेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं, की एखाद्या लशीत तसा घटक असला तरी जीव वाचवण्यासाठी ती घेता येते. आणि आपल्याकडे कोव्हिशिल्ड नावाने पुण्यात तयार होणारी लस मूळ ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची. तिच्यात कोणताही प्राणिजन्य घटक नसल्याचं ब्रिटनच्या औषध नियामकाने सांगितलं होतं. हे खुलासे मात्र अफवेइतके वेगाने फिरले नाहीत. मूल होणार नाही, लस घेतलेला दोन वर्षांत मरेल, हे सगळं नंतर आलं. ते सर्वच समाजांत आलं. आदिवासी पाड्यांवर आणि शहरातल्या सुशिक्षित सोसायट्यांतही लोक असंच कुजबुजत होते.

मुस्लिम वस्त्यांत मात्र अविश्वासाला एक जादा पदर होता, तो झाकून चालणार नाही. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमातच्या निमित्ताने साऱ्या समाजाकडे बोट दाखवलं गेलं. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवल्याचे प्रकार घडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तपासणीचं पथक आलं की ‘उचलून नेतील’ म्हणून दार लावून घेणाऱ्या बाईला वर्षभरातच ‘आता दंड पुढे कर’ म्हटलं तर ती कचरणारच. मालेगावात लसीकरण मागे का, याची चर्चा खूप झाली. तिथल्या यंत्रमाग कामगाराची एक दिवसाची मजुरी तापात बुडते, हे कारण त्या चर्चेत क्वचितच आलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांत लशीसाठी सलमान खानची मदत घेण्याचं बोलून दाखवलं. हेतू चांगलाच होता. पण लस घ्यावी की नाही, हे माणूस पडद्यावरच्या हिरोला विचारत नाही. तो आपल्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरला विचारतो, मशिदीच्या इमामांना विचारतो, नाहीतर सौदीत नोकरीला असलेल्या भावाला.

‘मौत अल्लाह के हाथ में है, सुई क्या करेगी’ हे वाक्यही तेव्हा चौकाचौकात ऐकू यायचं. त्याला उत्तर इस्लामच्या इतिहासातच आहे. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळलं, की पुढे प्लेग पसरला आहे. हीच ती अमवासची साथ, इसवी सन 639 च्या सुमाराची. त्यांनी सोबतच्या ज्येष्ठांशी मसलत केली आणि परत फिरायचं ठरवलं. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय? हजरत उमर म्हणाले, होय, अल्लाहच्याच एका तकदीरकडून दुसरीकडे चाललो आहे. एका बाजूला गवताळ आणि दुसऱ्या बाजूला ओसाड अशी दरी असेल, तर उंट हिरव्या बाजूला चारणं हीदेखील तकदीरच नाही का? नंतर एका साथीदाराने प्रेषितांची (स.) हदीस सांगितली, की साथ असलेल्या गावात जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका. अबू उबैदा आपल्या माणसांना सोडून आले नाहीत. त्याच साथीत त्यांचा इंतकाल झाला. सीमा बंद करण्याचा वाद चौदाशे वर्षं जुना आहे तो असा. त्यात दोन्ही बाजूंना आदराची माणसं होती, हे विसरू नये.

हजचा रस्ता साथीमुळे बंद होण्याची वेळही महाराष्ट्राला नवी नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला (2020 मध्ये आपल्याकडे वापरला तो हाच) आणि मुंबईहून जेद्दाहला जाणारी यात्रेकरूंची जहाजं थांबवली. त्याच 1897 च्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरलेले होते. तेव्हा आगा खान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी जागाही दिली. त्यानंतर खोजा समाजातली माणसं पुढे आली.

2021 मध्ये लोकांचं मन वळवण्याचं काम मात्र दुसऱ्याच गोष्टीने केलं, ती म्हणजे विमानतळ.

रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम घरांत निदान एक तरी माणूस आखातात असतो. सुट्टीवर आलेले असे कितीतरी जण 2021 च्या फेब्रुवारीत अडकले, कारण सौदीने भारतासह 20 देशांतून येणाऱ्यांना बंदी केली. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, सौदी सरकारने वाढवून दिला म्हणून नोकऱ्या कागदावर तरी टिकल्या. पगार मात्र बंद. जायचंच तर तिसऱ्या देशात 14 दिवस राहून. कुणी काठमांडू गाठलं, कुणी मालदीव. एप्रिल-मेमध्ये तीही दारं भारतीयांना बंद झाली आणि वाटेतल्या हॉटेलांत राहिलेल्यांचे पैसे गेले ते गेलेच. या लोकांना लशीबद्दल विचारलं तर त्यांचं मत एका ओळीचं असे: कुठली घेतली म्हणजे व्हिसा चालेल?

हा प्रश्न साधा नव्हता. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या पोटात गोळा आला, कारण तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबर 2021 ला मिळाली, तोवर अनेक देश ती मोजतच नव्हते. कोव्हिशिल्डचे दोन डोस घेतलेल्यांचीही सुटका नव्हती. मे महिन्यात दोन डोसमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं. परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा जूनमध्ये त्यांना 28 दिवसांनंतर दुसऱ्या डोसची सवलत मिळाली आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक टाकण्याची सोय झाली. सप्टेंबरमध्ये तर ब्रिटनने लस मान्य, पण भारताचं प्रमाणपत्र अमान्य, असा अजब पवित्रा घेतला. भारतानेही ब्रिटिशांना दहा दिवस विलगीकरण लावलं, तेव्हा तो वाद मिटला. सौदीने थेट भारतातून प्रवास 1 डिसेंबर 2021 पासून खुला केला.

सौदीत लशीची नोंद दाखवावी लागे ती ‘तवक्कलना’ या सरकारी अॅपवर. या अरबी शब्दाचा अर्थ, आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवला. इकडे कट्ट्यावर भरवशाच्या नावाने लस टाळणं चाललं होतं आणि तिकडे मक्केत त्याच भरवशाच्या नावाचं अॅप लशीची नोंद असल्याशिवाय हरमच्या दाराशी उभं करत नव्हतं. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, ही हदीस लहानपणी मदरशात सगळेच शिकतात.

तर अशा रीतीने पासपोर्टने अनेकांचे दंड पुढे आले. पण याची दुसरी बाजू पाहायला हवी. ज्याला कुठे जायचं आहे, त्याने लस घेतली. ज्याला कुठेच जायचं नाही, त्याचं काय? घरातल्या बायका, वीटभट्टीवरची माणसं, पासपोर्ट कधी न काढलेली म्हातारी. हज-उमराहच्या आशेने मुलगा दोन डोस घेऊन मोकळा आणि अम्मी एकाही डोसाविना, अशी घरं 2022 मध्येही होती. 10 एप्रिल 2022 पासून 18 वर्षांपुढच्या सर्वांसाठी खासगी केंद्रांवर पैसे भरून तिसरा डोस मिळू लागला. पहिल्याच डोसची बोंब असलेल्या घराला त्याचं काय? तिथे पुन्हा एकदा आशाताईच जाणार होत्या, आणि सोबत मोहल्ल्यातलं कुणी गेलं तर दार उघडणार होतं.

मेंदूज्वराच्या लशीवर मात्र कुणी वाद घालताना दिसत नाही. 1987 च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली, तेव्हापासून यात्रेकरूंना ती लस सक्तीची झाली. हज कमिटीच्या शिबिरांत ती टोचली जाते, सोबत पोलिओचे थेंबही. साठ-सत्तर वर्षांचे हाजी लहान मुलांसारखं तोंड उघडून रांगेत बसतात आणि हसतात. नव्या सुईची भीती वाटते, जुनी अंगवळणी पडते.

जुलै 2022 मध्ये हज होणार होता. पासष्टी ओलांडलेल्यांच्या घरी तेव्हा एकच चर्चा होती. हज-ए-बदल, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवायचं का? उलेमा सांगत होते, की ती मुभा कायमच्या असमर्थतेसाठी आहे. वयाची अट सरकारी होती, पुढच्या वर्षी उठूही शकत होती, तेव्हा थांबा, असं ते म्हणत. काही जण उमराहचा विचार करत होते, तिथे वयाची वरची मर्यादा नव्हती. फर्ज हज त्याने फिटत नाही, पण काबा डोळ्यांनी दिसतो. बाकीचे पासपोर्टची मुदत तपासून पुढच्या अर्जाची वाट बघत होते. लशीचं प्रमाणपत्र त्यांनी केव्हाच लॅमिनेट करून त्याच पिशवीत ठेवलं होतं.