दुबईच्या उन्हातली फळी

संयुक्त अरब अमिरातीत दिवाळीच्या सुमारास ऊन उतरते आणि उन्हाळाभर एसीत कोंडलेली माणसे अंगणात, गच्चीवर बसू लागतात. व्हिलाच्या मागे डेक करून घेण्याचा विषय मराठी घरांतही याच दिवसांत निघतो. सागवान की कंपोझिट, असे विचारले की दुकानदार चौरस मीटरचा दर सांगतो. नुसत्या त्या दरावर निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी फळीखाली बघा. 14 सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या अर्धा सेंटिमीटर फट ठेवून बसवल्या, तर 20 चौरस मीटरच्या डेकला सुमारे 138 मीटर फळी लागते. कापाकापीत दहा टक्के धरले की 152 मीटर. खालच्या वाशांत 40 सेंटिमीटर अंतर सागवानाला सहसा पुरते. कंपोझिट मात्र उष्णतेने मऊ पडून वाकते, म्हणून बऱ्याचदा 30 सेंटिमीटरवर वासा द्यावा लागतो. म्हणजे वासे एक तृतीयांशाने वाढले, त्याबरोबर क्लिपा आणि मजुरीही.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची एकजीव फळी. तिला तेलपाणी लागत नाही, हा तिचा खरा फायदा. पण उन्हाने ती लांबीत वाढते. जानेवारीची पहाट आणि ऑगस्टची दुपार यांत चार मीटरच्या फळीत सहा-आठ मिलिमीटरचा फरक सहज पडतो. टोकांना जागा सोडली नाही, तर ती फुगून वर येते. गडद रंगाची फळी भर उन्हात इतकी तापते की पोहण्याच्या तलावाकाठी मुलांचे पाय भाजतात. उघड्या जागेसाठी फिकट रंगाची, भरीव आणि वरून संरक्षक थर दिलेलीच फळी घ्यावी. पोकळ फळी स्वस्त मिळते. मी ती उन्हात घालणार नाही.

सागवानाची ताकद सांगायला मुंबईच्या गोदीचे उदाहरण पुरेसे आहे. वाडियांनी 1817 साली बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मात्र असे लाकूड आता महाग झाले. म्यानमारने 2014 साली ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि आज बाजारात लागवडीचे सागवान भरपूर येते. त्यात सालीलगतचे पांढुरके लाकूड असेल, तर वाळवीला ते चालते. गाभ्याचीच फळी मागून घ्यावी. तेल देण्याचा खर्च मुख्यतः रंग टिकवण्यासाठी असतो. उन्हाने सागवान राखाडी होते, पण तेवढ्याने कमकुवत होत नाही. तो रंग चालत असेल, तर देखभालीचा बराच खर्च वाचतो. खराब झालेला पृष्ठभाग घासून पुन्हा नवा करता येतो. कंपोझिटचे तसे नाही.

म्हणून छपराखाली सागवान आणि भर उन्हात चांगले कंपोझिट, असा माझा कौल. कोटेशनमध्ये वासे, क्लिपा, मजुरी आणि 5 टक्के व्हॅट वेगवेगळे लिहून घ्यावे. पणत्या दोन्हींवर ताटलीतच ठेवाव्यात: तेल लाकडात मुरते आणि ज्योतीच्या धगीने प्लॅस्टिक वितळते.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये यातले काहीच करू नये. बाल्कनीसाठी एकमेकांत अडकणाऱ्या लाकडी टाइल्स मिळतात. त्यांना खिळा लागत नाही, घरमालकाशी वाद होत नाही आणि घर बदलताना त्या उचलून नेता येतात.