साइट हँग होते तेव्हा मधमाश्या काय करतील?

मागच्या वर्षी माझ्या बहिणीचा एका प्रवेश परीक्षेचा निकाल होता. दुपारी एकला साइटवर येणार असं सांगितलं होतं. एक वाजून दोन मिनिटांनी पान उघडेना. ती तिच्या फोनवर, मी माझ्या फोनवर, दोघंही रिफ्रेश मारतोय आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. आई दर पाच मिनिटांनी विचारतेय, "दिसलं का गं?" पावणेतीनला एकदाचा निकाल दिसला. चांगले मार्क होते, पण तोवर तिचे रडून डोळे सुजले होते.

तेव्हा मला वाटलं होतं, सर्व्हर कमी पडले, अजून घ्यायला हवे होते. प्रकरण तेवढं सरळ नाही. होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असंख्य सर्व्हर असतात आणि त्यांच्यावर अनेक ग्राहकांच्या साइट चालतात. एक साइट गुदमरत असते त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या साइटचे सर्व्हर निवांत बसलेले असू शकतात. मग ते इकडे का वळवत नाहीत?

कारण वळवायला वेळ लागतो. आधीच्या साइटचं सॉफ्टवेअर बंद करा, तिचा डेटा पुसा, नवीन साइटचं सगळं चढवा. जुन्या पद्धतीत यात काही मिनिटं जायची आणि तेवढा वेळ तो सर्व्हर कुणाच्याच कामाचा नसायचा. आता कंटेनरमुळे हे काम बरंच लवकर होतं, पण मूळ प्रश्न तोच आहे. पुढच्या दहा मिनिटांत गर्दी कुठे होणार हे माहीत नसताना कोणता सर्व्हर कुठे पाठवायचा?

ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणारे सुनील नाकरानी याच प्रश्नावर काम करत होते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचे क्रेग टोवी यांच्याशी त्यांचं बोलणं झालं, आणि टोवींना आठवल्या मधमाश्या. कारण काही वर्षांपूर्वी त्यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि कॉर्नेल विद्यापीठातले मधमाशीतज्ज्ञ थॉमस सीली यांनी मिळून पोळ्यातल्या माश्या फुलांच्या ताटव्यांवर कशा वाटल्या जातात याचं गणित मांडलं होतं. तेव्हा त्यात कॉम्प्युटरचा काही संबंधच नव्हता.

मधमाश्या नाचतात हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. मकरंद घेऊन आलेली माशी पोळ्यावर शेपूट हलवत एका रेषेत चालते. त्या रेषेचा कोन फुलांची दिशा सांगतो आणि ती किती वेळ शेपूट हलवते त्यावरून अंतर कळतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. (आपल्याकडच्या सातेरी माश्या आणि आग्या मोहोळातल्या माश्याही नाचतात. पण आग्या मोहोळाजवळ जाऊन बघू नका, प्लीज.)

शाळेत जे सांगत नाहीत ते मला जास्त भारी वाटतं. मकरंद जितका गोड आणि जितका सहज मिळणारा, तितका माशीचा नाच लांबतो. फुलं साधारण असतील तर ती थोडंसंच नाचते किंवा नाचतच नाही. आता रिकामी बसलेली माशी काय करते? सगळे नाच बघून तुलना करते? अजिबात नाही. समोर जो नाच दिसेल तो बघते आणि निघते. चांगल्या जागेचा नाच लांब चालतो, म्हणून तोच समोर दिसायची शक्यता जास्त, इतकंच. सीलींनी पोळ्याच्या दोन बाजूंना साखरपाणी ठेवलं, एकीकडे दाट, दुसरीकडे पातळ. माश्यांची गर्दी दाट पाण्याकडे झाली. दुपारी त्यांनी अदलाबदल केली, तर काही तासांत गर्दीही बाजू बदलून गेली. यातल्या बहुतेक माश्यांनी एकच बाजू पाहिली होती. तुलना कुणीच केली नव्हती, ती पोळ्यात आपोआप झाली. राणी यात काही हुकूम देत नाही, ती अंडी घालण्यात बिझी असते.

नाकरानी आणि टोवी यांनी २००४ साली हेच सर्व्हरवर बसवलं. सर्व्हर म्हणजे माशी, साइटवर येणाऱ्या रिक्वेस्ट म्हणजे फुलं, आणि रिक्वेस्ट पूर्ण केल्यावर मिळणारे पैसे म्हणजे मकरंद. नाचाच्या जागी एक सामायिक फळा. रिक्वेस्ट पूर्ण करणारा सर्व्हर अधूनमधून त्यावर जाहिरात लावतो, "या साइटवर काम आहे, या." कमाई चांगली तर जाहिरात जास्त वेळ टिकते. प्रत्येक सर्व्हर स्वतःची कमाई बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून बघतो. आपलं बरं चाललं असेल तर फळ्याकडे फारसा फिरकत नाही, नाहीतर तिथली एखादी जाहिरात उचलतो आणि तिकडे जातो. थोडे सर्व्हर मात्र जाहिरात न बघताच कुठेतरी जाऊन बघतात, नवी फुलं शोधणाऱ्या माश्यांसारखे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे शेवटचं मला शुद्ध उधळपट्टी वाटलं. चांगलं गिऱ्हाईक सोडून भटकायचं कशाला? पण नवी गर्दी सुरू होते तेव्हा तिची जाहिरात फळ्यावर नसतेच. भटकणारा सर्व्हर तिथे पोहोचला, तरच ती लागते. सगळेच सर्व्हर जुन्या चांगल्या जागेला चिकटून बसले असते, तर आमच्यासारखे लोक रिफ्रेशच मारत बसले असते.

त्यांनी या पद्धतीची तुलना इतर पद्धतींशी केली. एक होती 'ग्रीडी', म्हणजे आत्तापर्यंत जिथे फायदा झाला तिथेच सर्व्हर लावणारी. दुसरीत वाटप एकदाच करायचं आणि मग हात लावायचा नाही. गर्दी फार वरखाली होत होती तेव्हा माश्यांची पद्धत या दोन्हींपेक्षा सरस ठरली. गर्दी जवळपास स्थिर असली की मात्र ग्रीडी पद्धत पुढे जाऊ शकते, आणि हेही त्यांनी पेपरमध्ये स्वच्छ लिहिलंय. म्हणून "निसर्गाकडे प्रत्येक गोष्टीचं बेस्ट उत्तर असतं" असली पोस्ट दिसली तर मी आता स्क्रोल करून पुढे जातो. रोजचा लोड ठरलेला असेल तर माश्यांची गरज नाही. आज क्लाउडमध्येही बऱ्याच ठिकाणी साधा नियमच चालतो, प्रोसेसरचा वापर अमुक टक्क्यांच्या वर गेला की सर्व्हर वाढवा.

२०१६ साली या कामाला अमेरिकेत 'गोल्डन गूज' पुरस्कार मिळाला. सुरुवातीला विचित्र किंवा बिनकामाचं वाटलेलं, पण पुढे उपयोगी पडलेलं सरकारी खर्चाचं संशोधन त्यासाठी निवडतात.

निकालाच्या दिवशी हे चाललं असतं का? शेजारच्या साइट निवांत असत्या, तर बहुधा हो, निदान बहिणीचं रडणं अर्ध्यावर आलं असतं. पण त्याच वेळी त्याच डेटा सेंटरमधल्या सगळ्या साइटवर झुंबड उडाली असती, तर फळ्यावर जाहिराती भरपूर आणि त्या उचलायला रिकामा सर्व्हर एकही नाही. तिथे नवे सर्व्हरच घ्यावे लागतात.