खर्जाच्या तारा : बेस गिटारची निवड, निगा आणि दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या आळीत राहणारे एक निवृत्त शिक्षक आपल्या नातवाची बेस गिटार खोळीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "हे विकायचे आहे. कोणी गिऱ्हाईक असले तर पाहा." कारण विचारले तेव्हा समजले की, तासभर वाजविले की मुलाची बोटे सुजतात, सूर काही केल्या जुळत नाही, आणि हे आपल्याला जमायचे नाही असे त्याने मनाशी ठरवून टाकले आहे. आम्ही वाद्य हाती घेतले व बाराव्या पडद्यावर सर्वांत जाड तारेची उंची मोजली. ती पाच मिलिमीटर भरली. अशा वाद्यावर कसलेल्या वादकाचीही बोटे सुजली असती! दोन संध्याकाळी थोडे थोडे काम केल्यावर तीच उंची अडीच मिलिमीटरवर आली, सूर जागेवर बसला, आणि गिऱ्हाईक शोधण्याचे कारण उरले नाही.

दोष वाद्याच्या जुळणीत असतो आणि त्याची शिक्षा शिकणाऱ्याला होते, हा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे. सतार किंवा तंबोरा घरात असला तर त्याची जवारी अधूनमधून लावून घ्यावी लागते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. बेस गिटारलाही तशीच जुळणी लागते, हे मात्र ती विकत घेऊन देणाऱ्या वडीलमंडळींना कोणी सांगत नाही. म्हणून या वाद्याची रचना कशी असते, ते कसे निवडावे व कसे राखावे, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम हे वाद्य करते काय ते पाहू. 'बेस' म्हणजे खर्ज. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे काम, तेच वाद्यवृंदात या चार तारांचे. ऐकणाऱ्याचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही. पण त्या थांबल्या की गाण्याखालची जमीनच सरकल्यासारखे वाटते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. पुढच्या तीन तारा अनुक्रमे ५५, ७३ व ९८. साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा हे सूर बरोबर एक सप्तक खाली आहेत.

इतका खालचा सूर काढावयाचा तर तार लांब, जड किंवा सैल असावी लागते. पूर्वी हे काम डबल बेस नावाचे, माणसाहून उंच, उभ्याने वाजविण्याचे वाद्य करी. त्याला पडदे नसतात. म्हणून सूर कानाने शोधावा लागतो. शिवाय ते गावोगाव नेणे म्हणजे एक कपाट बरोबर वाहून नेणे. अमेरिकेत सिॲटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात आडवे धरून वाजविण्याचे, पडदे असलेले विजेचे बेस तयार केले होते. पण ते फारसे पसरले नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणले आणि हे वाद्य जगभर गेले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. तारेची वाजती लांबी त्यांनी ३४ इंच ठेवली, आणि आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात.

फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्यांचा मूळ धंदा रेडिओदुरुस्तीचा. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने वाद्य रचले, म्हणून त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होतो. दांडी, म्हणजे वादक जिला 'नेक' म्हणतात ती, खोडाला डिंकाने न चिकटविता चार स्क्रूंनी बसविलेली असते. घोडीवर तारांच्या बैठका पुढेमागे व वरखाली सरकविता येतात. हाताशी एक स्क्रूड्रायव्हर, योग्य मापाच्या चाव्या व मिलिमीटरची पट्टी असली म्हणजे घरच्या घरी पुष्कळ काही करता येते.

आता या लाकडावर भार किती असतो ते पाहा. चार तारांचा एकत्रित ताण साधारण सत्तर ते ऐंशी किलो भरतो. म्हणजे एखादा धष्टपुष्ट गृहस्थ त्या बारीक दांडीला रात्रंदिवस ओढत बसला आहे असे समजावे! दांडी पुढे वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते. तिला 'ट्रस रॉड' म्हणतात. तारा ज्या दिशेने ओढतात तिच्या उलट दिशेने ही सळई दांडीला रेटते. आवळता-सैल करता येणाऱ्या अशा सळईचे पेटंट अमेरिकेतील गिब्सन कंपनीला १९२३ साली मिळाले. तारांचा ताण एकीकडे, सळईचा दुसरीकडे. या दोघांच्या तडजोडीवर वाद्य उभे असते. आषाढात लाकूड ओलावा घेऊन फुगते, माघात आकसते, आणि ही तडजोड ढळते. नातवाच्या गिटारचे नेमके हेच झाले होते.

जुळणीची कामे तीन. त्यांचा क्रम मोडू नये, कारण पहिल्या कामाने पुढच्या दोन्ही गोष्टी बदलतात.

पहिले काम दांडीचा बाक पाहण्याचे. वाद्य सुरात लावून, वाजविताना धरतो तसे धरावे. जाड तार एका हाताने पहिल्या पडद्यावर व दुसऱ्या हाताने दांडी खोडाला मिळते तेथील पडद्यावर दाबावी. ताणलेली तार ही आपली सरळ पट्टीच झाली. मधल्या सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांत भेटकार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, फट असावी. फट जास्त असली तर सळई आवळावी. मुळीच नसली तर सैल करावी. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरविल्यावर लाकडाला रात्रभर विसावा द्यावा. चावी बरोबर मापाचीच हवी. आम्ही हा धडा महागात शिकलो आहो. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या बेसवर आम्ही जवळजवळ मापाची चावी लावून जोर केला आणि सळईच्या नटाचे कोपरेच घासून काढले. पुढे ते काम कारागिराकडे गेले व दांडी जेमतेम वाचली. मित्राने आमच्याकडून खर्च घेतला नाही, हे आजही टोचते. म्हणून सांगतो, नट सहज फिरत नसेल तर तेथेच थांबावे आणि वाद्य जाणत्याकडे न्यावे.

दुसरे काम तारांच्या उंचीचे. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर शिकणाऱ्याला सोयीचे पडते. घोडीवरील बैठकीचे बारीक स्क्रू फिरवून ते साधावे. फार खाली आणल्यास तार पडद्यांवर खडखडते. यात एकच एक नियम नाही, हेही ध्यानात असावे. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज पुरविणारे जेम्स जेमरसन उंच लावलेल्या, जुन्या, गुळगुळीत तारांवर उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवीत. त्यांचा हात तसा तयार झालेला होता. नवशिक्याने मात्र हातापुरतेच ओझे घ्यावे.

तिसरे काम सुराच्या खरेपणाचे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तेथे दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या एक सप्तक वर लागला पाहिजे. प्रथम बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून घंटेसारखा नाद काढावा. मग तेथेच दाबून वाजवावे. दाबलेला सूर चढा लागला तर बैठक दांडीपासून दूर सरकवावी, उतरला तर जवळ आणावी. मोबाइलवरील सूरमापक यास पुरेसा आहे. हे काम नव्या तारांवर करावे. झिजलेल्या तारा खोटी साक्ष देतात.

तारांचे आयुष्य मुख्यतः घामावर अवलंबून असते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने त्या वरून-खालून पुसल्या, तर त्या पुष्कळ टिकतात. तारा दोन जातींच्या. चपट्या वेष्टणाच्या तारा मऊ, दबका आवाज देतात व पडदे कमी झिजवितात. गोल वेष्टणाच्या तारांचा आवाज झणझणीत. रोटोसाउंड कंपनीने जॉन एंट्विसल या वादकाच्या साहाय्याने १९६६ च्या सुमारास त्या सिद्ध केल्या. दांडीवरची पट्टी पुष्कळदा शिसवीची असते. हा शिसव आपल्या सह्याद्रीत वाढणारा वृक्ष. त्याच्या व्यापारावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. वर्षातून एकदोनदा तारा काढून या पट्टीला तेलाचा अगदी हलका हात द्यावा व लगेच पुसून घ्यावा.

विजेचा भाग समजण्यास अवघड नाही. तारांखालच्या डबीत लोहचुंबक असतो व त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. तीच पुढे ॲम्प्लिफायरमध्ये मोठी होते. आवाजाची गुंडी फिरविताना खरखर झाली तर बहुधा आत धूळ बसलेली असते. रेडिओदुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने ती जाते. आवाज तुटक येत असेल तर प्रथम दोरी बदलून पाहावी, मग ती जेथे खुपसतो तेथील नट आवळावा. आत नऊ व्होल्टची बॅटरी असली तर वाजविणे संपताच दोरी उपसून ठेवावी; एरवी बॅटरी उगीच संपते. एका बाबतीत मात्र कसलीही सवलत नको. ॲम्प्लिफायरला तीन पिनांचाच प्लग व घराला नीट अर्थिंग हवे. वादकाची बोटे ज्या तारांवर असतात त्या अर्थच्या तारेला जोडलेल्या असतात. अर्थिंगची पिन मोडून काम भागविणे जिवावर बेतू शकते.

आता निवडीविषयी. दुकानात रंग पाहण्याआधी दांडी पाहावी. वाद्य डोळ्याशी धरून घोडीच्या बाजूने खुंट्यांकडे, बंदुकीचा नेम धरावा तसे पाहावे. थोडा बाक चालेल, तो सळईने निघतो. पण दांडीला पीळ पडला असेल तर ते वाद्य सोडून द्यावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खडखड कोठे होते ते ऐकावे. सळई दोन्ही बाजूंस फिरते की शेवटास टेकली आहे, हे दुकानदाराकडूनच तपासून घ्यावे. पट्ट्याने खांद्याला अडकवून दहा मिनिटे उभे राहावे. वजन आणि तोल तेव्हाच कळतो. लहान हातांसाठी ३० इंची तारेचे वाद्य घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. पाचव्या तारेचा मोहही पहिल्या वर्षी नको. मर्यादित पैशांत नव्या स्वस्त वाद्यापेक्षा चांगल्या दांडीचे जुने वाद्य आम्ही केव्हाही पसंत करू, मात्र जुळणीच्या मजुरीपुरते पैसे बाजूला ठेवून.

जुन्या वाद्याची उमेद किती असते याचे एक उदाहरण देतो. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्गमध्ये हॉफ्नर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा ३० इंची बेस सुमारे तीस पौंडांना घेतला. बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तोच वाजतो. १९७२ साली तो लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडला. डागडुजी करावी लागली. पण डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर मॅकार्टनींनी तो पुन्हा वाजविला. बहुमोल लाकूड किंवा मोठी किंमत यांचा त्यात संबंध नव्हता. वाद्य साधेच होते; ते मोडीत मात्र कोणी काढले नाही.

वसंतातील ही व्याख्याने संपतील आणि महिन्या-दीड महिन्यात पाऊस सुरू होईल. ज्यांच्या घरी असे एखादे वाद्य कपाटामागे उभे असेल त्यांनी त्यापूर्वी ते बाहेर काढावे, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावे, आणि बाराव्या पडद्यावरची उंची मोजून खोळीतच एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी. दसऱ्याला तीच उंची पुन्हा मोजावी. आकडा वाढलेला दिसला, तर मुलाला बोल लावण्यापूर्वी चावी हाती घ्यावी.