शरीराचे पहारेकरी आणि घरचा वैरी

विषाणूंनीं ग्रासलेल्या पेशी हुडकून मारणें हें रक्तांतील टी-पेशींचें काम. मग कर्करोग या पहारेकऱ्यांच्या नजरेंतून सुटतो कसा, असा प्रश्न वाचकांस पडेल. हा वैरी घरांतच जन्मलेला, घरचाच वेष ल्यालेला. कित्येक दुष्ट पेशी ओळखल्या जाऊन मारल्याही जातात. पण ज्या निसटतात त्याच वाढतात.

निसटण्याची एक युक्ति आम्हांस मोठी विलक्षण वाटते. पहारेकरी बेफाम होऊन घरच्यांवरच तुटून पडूं नयेत म्हणून निसर्गानें त्यांस लगाम घातले आहेत. कर्कपेशी नेमका असा लगाम खेचून धरते. क्योतो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं पीडी-१ हा लगाम सांपडला. त्याचा गुण मात्र पुढें कळला. अमेरिकेंत जेम्स ॲलिसन यांनीं सीटीएलए-४ हा दुसरा लगाम सोडतांच उंदरांच्या गाठी विरून गेल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. उभयतांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हे लगाम सोडणारीं औषधें आतां आपल्याकडेही मिळतात. तीं सर्वांस लागू पडत नाहींत, आणि किंमत तर सामान्य गृहस्थाची कंबर मोडणारी! बाजारांतील ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ चूर्णांशीं त्यांचें कांहींएक नातें नाहीं, हें आम्ही मुद्दाम सांगतों. लगाम सुटला म्हणजे आंतडीं व फुप्फुसें यांवरही हल्ला होऊं शकतो. म्हणून अशा रोग्यास जुलाब होऊं लागल्यास वा धाप लागल्यास घरच्यांनीं काढे देत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. औषध बंद होऊन महिने लोटले असले तरीही.